परतून आलेला सोबती

वाचकहो, शिक्षण संपवून नुकतेच मोकळे झालेले आपले मूल जर म्हणू लागले, "मी काही वर्षे परदेशी जाऊन सेवा करून येतो," तर आपल्या मनात पहिला विचार कोणता येईल? बहुधा हाच की, ऐन उमेदीची वर्षे वाया जाणार. बरोबरीची मुले नोकरीधंद्यात स्थिरावतील आणि आपल्या मुलाला मात्र परत आल्यावर पुन्हा श्रीगणेशा करावा लागेल. ही काळजी अनाठायी नाही. तिचा विचार करताना आपल्याच देशातील एक जुनी हकीकत ध्यानात घेण्याजोगी आहे.

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. जखमी सैनिकांची शुश्रूषा करावयास तेथे डॉक्टर अपुरे पडत होते. आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून शल्यवैद्य व शस्त्रक्रियेची साधने मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, आणि त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला पाच भारतीय डॉक्टर मुंबई बंदरातून बोटीने निघाले. पथकप्रमुख होते अलाहाबादचे डॉ. अटल. नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि कलकत्त्याचे डॉ. मुखर्जी व डॉ. विजयकुमार बसू हे त्यांचे सहकारी. कोटणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. बसूंनीही तिशी ओलांडली नव्हती.

पाचांपैकी चोळकर व मुखर्जी १९३९ मध्ये, आणि अटल त्यानंतर प्रकृतीच्या कारणाने मायदेशी परतले. त्यात उणेपणा मानण्याचे कारण नाही. परक्या मुलुखातील अन्न, हवा आणि श्रम सर्वांनाच मानवतात असे नाही. मागे राहिले ते हे दोन तरुण. येनानच्या डोंगरात कोरलेल्या गुहांतून रुग्णालये चालत असत. साधने तुटपुंजी होती. कोटणीसांना चीनमध्ये असतानाच वडिलांच्या मृत्यूची वार्ता कळली, तरीही ते परतले नाहीत. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, तीतून विद्यार्थ्यांना वैद्यक शिकविले आणि १९४१ मध्ये बेथून रुग्णालयाचे प्रमुखपद सांभाळले. त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. पुढल्या वर्षी पुत्र झाला. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीसांनी तेथेच देह ठेवला. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटाने ही कथा घरोघरी पोहोचविली.

तथापि आपला प्रश्न परतून आलेल्यांविषयीचा आहे, आणि त्याचे उत्तर डॉ. बसूंच्या आयुष्यात सापडते. १९४३ साली ते कलकत्त्यास परत आले व डॉक्टरी करू लागले. व्यवहारी माणूस म्हणेल, पाच वर्षे गेली, प्रकरण संपले. पण ते संपले नव्हते. १९५८ च्या सुमारास बसू पुन्हा चीनमध्ये गेले, तेव्हा त्यांना नाकाच्या पोकळीतील दाहाचा जुना विकार होता. तेथील वैद्यांनी बारीक सुया टोचून करावयाचा उपचार, ज्याला आपण आज ॲक्युपंक्चर म्हणतो, त्यांच्यावर केला. गुण आला. बसूंनी ती विद्या शिकून घेतली आणि १९५९ पासून कलकत्त्यात तिचा अवलंब सुरू केला. भारतात या पद्धतीचा पाया घालणारे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पश्चिम बंगालच्या विधिमंडळाने १९९६ साली या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदाही केला.

येथे क्षणभर थांबून विचार करा. पाश्चात्त्य वैद्यकात तयार झालेला, वयाची चाळिशी उलटलेला डॉक्टर परक्या देशाच्या जुन्या विद्येपुढे आधी रुग्ण आणि मग विद्यार्थी म्हणून बसतो, हे सहज घडत नाही. तरुणपणी त्याच लोकांत राहून, त्यांचे अन्न खाऊन, त्यांच्या जखमा बांधून जो विश्वास मुरला होता, तोच या ठिकाणी उपयोगी पडला असावा, असे मला वाटते. शिकविण्यास गेलेला माणूस शिकण्यासही तयार झाला, ही त्या पाच वर्षांची खरी कमाई होय.

हा विश्वास टिकविणे सोपे नव्हते. १९६२ साली दोन्ही देशांत युद्ध झाले व मने दुरावली. पुढे डॉ. बसूंनी कोटणीस स्मारक समितीच्या कार्यातून आपल्या दिवंगत सोबत्याचे स्मरण जागते ठेवले. त्या पथकाची त्यांनी लिहिलेली दैनंदिनी १९८६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. विशीत स्वीकारलेले काम असे अखेरपर्यंत पुरले.

आज तरुणांना युद्धभूमीवरच जावयास हवे असे नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने १९७० साली स्वयंसेवकांसाठी स्वतंत्र योजना मंजूर केली, आणि इतरही मार्ग आहेत. तेव्हा आपले मूल परवानगी मागू लागेल त्या दिवशी "परत आल्यावर काय मिळेल?" एवढेच विचारू नका. तिथल्या लोकांच्या उपयोगी पडेल असे कोणते कसब तुझ्यापाशी आहे, हे विचारा. तू त्यांची भाषा शिकणार का, आणि चार दिवसांचा पाहुणा म्हणून जाणार की कामाची जबाबदारी घेऊन राहणार, हेही विचारा. उत्तरे समाधानकारक असतील, तर त्याच्या प्रवासाची तयारी करावयास लागा. ती वर्षे हिशेबाच्या वहीत लगेच दिसणार नाहीत. डॉ. बसूंच्या बाबतीतही ती दिसावयास पंधरा वर्षे लागली होती.