निर्वासितांचे पुनर्वसन : निर्णय आणि निधी
(उल्हासनगरच्या संदर्भात)

निर्वासितांना कोठे वसवावयाचे हा प्रश्न वरकरणी मानवतेचा असला, तरी प्रत्यक्षात तो जागेचा आणि पैशाचा ठरतो. अमेरिकेत १९८० च्या कायद्यानुसार राष्ट्राध्यक्ष काँग्रेसशी सल्लामसलत करून वार्षिक मर्यादा निश्चित करतात. कॅनडात नागरिकांचे गटही खर्चाचा भार उचलतात. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर स्वाक्षरी केलेली नाही. तथापि १९४७ च्या फाळणीने हे कार्य त्याच्यावर आधीच येऊन पडले होते.

म्हसा-मुरबाड परिसरातून कल्याणकडे जाणाऱ्या मार्गालगतचे उल्हासनगर हे त्याचे उदाहरण होय. सिंधमधून आलेल्या विस्थापितांना येथे वसविण्यामागे दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणीच्या बराकी उपलब्ध होत्या, हे प्रमुख कारण. १९४९ मध्ये 'कल्याण कॅम्प'चे उल्हासनगर असे नामकरण झाले.

खर्चाची व्यवस्था मात्र अधिक विचारपूर्वक झाली. १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (नुकसानभरपाई व पुनर्वसन) अधिनियमान्वये सामाईक निधी उभारण्यात आला. पाकिस्तानात गेलेल्यांनी मागे ठेवलेली मालमत्ता, तसेच शासनाने दिलेली रक्कम व घरे यांचा त्यात समावेश होता. पडताळणी झालेल्या दाव्यांवर उतरत्या प्रमाणात भरपाई मिळे. दावा जितका मोठा, तितकी टक्केवारी कमी. ही रक्कम राहत्या शासकीय घराच्या किमतीपोटी वळती करता येई. म्हणजेच शासनाने दिलेले काही अंशी शासनाकडेच परत येई! ज्याची सिंधमध्ये मालमत्ताच नव्हती, त्या भाडेकरूस वा मजुरास मात्र भरपाईचा दावा करण्यास आधारच नव्हता.