शेणवा नाक्यावर वाहतूक बेट हवे का? समजून घ्या हिशेब

शहापूरहून किन्हवली आणि डोळखांबकडे जाणाऱ्या वाटा शेणव्यात फुटतात. अशा तिठ्यावर बेट केल्याने कोंडी सुटेल?

फायदा: साध्या तिठ्यावर वाहने एकमेकांच्या आड येण्याच्या 9 जागा असतात, बेट केल्यास 6 उरतात. वळसा घ्यावा लागल्याने वेगही कमी होतो.

अडचण: एसटी, ट्रकला मोठा घेर लागतो. त्यासाठी कडेची दुकाने हलवावी लागू शकतात. जागा कमी असेल तर बेट ठेंगणे ठेवतात, म्हणजे मागची चाके त्यावरून जातात.

नियम: बेटाभोवती आधीच फिरणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे.

थोडक्यात: तोंडाशीच रिक्षा, जीप उभ्या राहिल्या तर बेटही तुंबेल. म्हणून आधी थांबे हलवा, पायी चालणाऱ्यांना वाट द्या. मग बेटाचा खर्च.