आधी चाला, मग वाढा

ग्रान्योन, स्पेन

गणपतीपुळ्याहून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "तिकडे हॉटेलात काम धरलंस म्हणे? पगार किती देतात?" मामा विचारतो, शेजारच्या काकू विचारतात, देवळाच्या वाटेवर नारळ विकणारी बालमैत्रीण विचारते. मी बिल्बाओला नोकरी करते हे सगळ्यांना माहीत आहे. मग हक्काची सुट्टी घेऊन एका खेड्यातल्या चर्चमध्ये परक्या लोकांच्या गाद्या झाडायला आणि मोऱ्या घासायला मी का आले, हे कुणाच्याच पचनी पडत नाही. पगार नाही, उलट येण्याजाण्याचं भाडंही माझं, असं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो: "युरोपात फुकट कोण काय करतं?"

करतात. अन्नदान, सेवा, धर्मशाळा हे सगळं आपलं, आणि तिकडे पैसे टाकल्याशिवाय कुणी पाणीसुद्धा विचारत नाही, हा आपल्याकडचा लाडका समज आहे. तो खोडावा म्हणून हे पत्र.

ग्रान्योन हे ला रिओहा प्रांताच्या कडेचं, गव्हाच्या शेतांनी वेढलेलं गाव. कामिनो दे सांतियागो ही ख्रिस्ती पदयात्रा गावातूनच जाते. फ्रान्सच्या सीमेपासून पश्चिमेला सांतियागो दे कोंपोस्तेलापर्यंत ही वाट साधारण 780 किलोमीटरची. दुसऱ्या वाटाही पुष्कळ आहेत. त्या सगळ्या मिळून 2024 साली जवळजवळ पाच लाख लोकांनी यात्रा पुरी केल्याचा दाखला घेतला. त्यासाठी किमान 100 किलोमीटर चालावं लागतं. इतिहास एवढा पुरे. मला थक्क केलं ते वाटेवरच्या धर्मशाळांनी, आणि त्या कोण चालवतं या गोष्टीने.

इथली धर्मशाळा चर्चच्या मनोऱ्याला लागून आहे. वर लाकडी जमिनीवर पातळ गाद्या टाकलेल्या. आगाऊ नोंदणी नाही, दर नाही. दाराशी एक उघडी पेटी: जमेल ते टाका, गरज असेल तर त्यातूनच घ्या. पेटीजवळ कुणी उभं राहत नाही. रात्रीचा स्वयंपाक सगळ्यांनी मिळून करायचा, भांडीही सगळ्यांनी घासायची. या सगळ्याची जबाबदारी ज्यांच्यावर, ते ओस्पितालेरो म्हणजे यजमान-स्वयंसेवक. आणि ओस्पितालेरो व्हायचं तर एक अट आहे: तुम्ही स्वतः ही वाट चाललेले असला पाहिजेत. देणगी कितीही द्या, ओळखी कितीही असोत, पाय झिजवलेले नसतील तर यजमान होता येत नाही. चालून झाल्यावर एक छोटं प्रशिक्षण असतं, आणि मग साधारण पंधरवडाभराची सेवा. पंधरवडा संपला की किल्ल्या पुढच्या माणसाच्या हाती.

ही पद्धत फार जुनी नाही. 1990 साली लुर्देस ल्युच या बाईंनी ओर्निल्योस देल कामिनो या खेड्यात एक घर भाड्याने घेतलं आणि येणाऱ्या यात्रेकरूंना निवारा दिला. त्यातून पुढे स्वयंसेवक-यजमानांची चळवळ उभी राहिली. आज जगभरातली माणसं वाट चालून घरी जातात, आणि पुढच्या वर्षी मागून येणाऱ्यांसाठी परत येतात.

माझे जोडीदार वालेन्सियाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला क्रम सांगितला: आधी पाणी, मग खुर्ची, मग नाव. वहीत नोंद करायची घाई नको, माणूस आधी बसला पाहिजे. सकाळी आठच्या आत सगळे यात्रेकरू बाहेर पडतात आणि आमचं काम सुरू होतं. एकेक गादी उजेडाला उभी करायची आणि शिवणीवर बोट फिरवत ढेकूण बघायचे. एक जरी सुटला तर कुणाच्या तरी झोळीत बसून तो पुढच्या गावच्या धर्मशाळेत पोचणार, म्हणून यात हयगय नाही. मग मोऱ्या, संडास, जिना, पेटीतल्या पैशातून बाजार.

परवा एक कोरियन बाई आल्या. वय साठीचं असावं. "ठीक आहे, ठीक आहे," एवढंच म्हणत भिंतीला टेकून उभ्या. शिक्षकांनी काहीच विचारलं नाही. त्यांना खुर्चीवर बसवलं, गुडघ्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि मला मिठाच्या पाण्याचं घमेलं आणायला सांगितलं. मोज्याला रक्त चिकटलं होतं. नंतर मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, आठ-दहा दिवस चालून जो इथे पोचतो तो पायाबद्दल खरं बोलत नाही, मीही बोललो नव्हतो.

त्या रात्री मला आत्या आठवली. आमच्याकडे आषाढात भातलावणी, म्हणून घरची माणसं कार्तिकीला पंढरपूरला जायची. आत्या मात्र पुण्यात दिलेली. ती आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालायची. परत आली की कौतुक सांगायची आणि तक्रारही. कौतुक असं की सासवडपासून वाखरीपर्यंत गावंच्या गावं दारात उभी. कुणी पिठलं-भाकरी वाढतंय, कुणी पाय चेपतंय, कुणी चपला शिवून देतंय, कुणी दाढी करून देतंय, डॉक्टरांच्या तंबूत औषध फुकट. तक्रार अशी की केळी आणि बिस्किटं इतकी की पिशवीत ठेवायला जागा नाही, आणि बायकांना आडोसा नाही. म्हणून ती दिवसभर पाणीच कमी प्यायची. उन्हात, एवढ्या चालीत. आणि वाटेत माणसं पाण्याच्या बाटल्या हातात कोंबत होती.

गेल्या काही वर्षांत वारीत फिरती शौचालयं आली, मोठी सुधारणा झाली, ज्यांनी केली त्यांना माझा दंडवत. पण मला राग येतो तो असा, की इतक्या पिढ्या इतकं भरभरून देणाऱ्या समाजाला ही एक गोष्ट सुचायला एवढा काळ का लागला? माझं उत्तर सरळ आहे. देणारा रस्त्याच्या कडेला उभा होता, तो चाललेला नव्हता. त्याला पुण्य हवं होतं, ते त्याने मनापासून मिळवलं. जे द्यायला त्याला आवडतं ते त्याने दिलं. चालणाऱ्याला काय हवं, हे चाललेल्या माणसालाच विचारायला हवं होतं.

याचा अर्थ इथलं सगळं चांगलं असा कुणी घेऊ नये. इथेही मी चिडते. मी चालत होते तेव्हा एका गावातल्या खाजगी निवासावर भर दुपारी 'जागा नाही'ची पाटी लागली होती. पाऊस पडत होता, आम्ही सहा-सात जणी ओसरीला टेकलो तर तिथूनही उठवलं. शेवटच्या 100 किलोमीटरात तर खोल्या आधीपासून राखून ठेवलेल्या, सामान गाडीने पुढे गेलेलं, आणि पाठीवर ओझं असलेला माणूस खाटेसाठी पहाटे अंधारात पळत सुटलेला. वाटेवर खाट संपली की यजमानाचं मनही संपतं, असं या देशात बऱ्याच ठिकाणी घडतं. आपल्याकडे खाट नसतेच, म्हणून ती संपतही नाही. सतरंजी सरकवली की आणखी एक मावतो.

म्हणून जेवणानंतर मी इथल्या लोकांना वारी सांगते, आणि सांगताना माझा आवाज चढतो. लाखो माणसं, साधारण 250 किलोमीटर, नोंदणीचं कार्यालय नाही. कामाची वाटणी हैबतबाबांनी 1832 च्या सुमाराला घालून दिलेल्या शिस्तीत अजून चालते. दिंडीत भिशी भरायची, मग जेवणाची आणि राहुटीची काळजी दिंडीची. पहाटे सामानाचा ट्रक पुढे जातो, माणसं पोचेपर्यंत राहुट्या ठोकलेल्या आणि चुली पेटलेल्या. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाजआरती. चोपदाराने दंड वर केला की टाळ थांबतात आणि अफाट जनसमुदाय गप्प होतो. ज्या दिंडीचे टाळ थांबत नाहीत तिची काही तक्रार आहे असं समजायचं. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतो. हरवलेल्या वस्तूंची घोषणाही तिथेच होते. शिक्षक दोनदा विचारून खात्री करून घेतात: एका काठीने? हो, एका काठीने. गाऱ्हाणं मांडायची इतकी सभ्य रीत मी युरोपात कुठे पाहिलेली नाही, आणि आपण तिच्याबद्दल बाहेर कधी बोलतही नाही.

आता आमच्या गावाकडे येते, कारण खरा जीव तिथे अडकला आहे. पुळ्याचा गणपती स्वयंभू, डोंगर हेच त्याचं रूप, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला. एक किलोमीटरभराची ती वाट आमच्या लहानपणीची शाळेइतकीच ओळखीची. अंगारकीला घाटावरून, कोल्हापूर-सांगलीकडून गाड्या लोटतात. आदल्या रात्री माणसं मिळेल तिथे अंग टाकतात. आमच्या आजीच्या पडवीत अशी माणसं झोपायची. सकाळी चहा आणि पेज घेऊन निघायची. जाताना कुणी देवापुढे ठेवावा तसा उंबऱ्यावर रुपया ठेवायचं, कुणी नाही. आजीने तो मोजलेला मी पाहिला नाही. आज त्या पडवीच्या जागी भाड्याच्या खोल्या आहेत. त्यात वाईट काहीच नाही, त्या खोल्यांवर भावंडांची शिक्षणं झाली. वाईट हे की पैसे देऊन राहणारा आणि पैसे घेऊन ठेवणारा यांच्यापलीकडे तिसरं कुणी उरलंच नाही. दुपारी देवस्थान खिचडीचा प्रसाद देतं, भक्तनिवासही चालवतं. पण खिचडी खाल्लेल्यांपैकी कुणी दुसऱ्या दिवशी वाढायला थांबला आहे का? प्रदक्षिणा घातलेल्यांपैकी कुणी उद्याच्या माणसासाठी ती वाट झाडली आहे का?

आणि समुद्राचं काय? आमचा किनारा देखणा आहे आणि घातकी आहे. पाटी लावून झाली, जीवरक्षक शिट्ट्या मारून थकले, तरी दर्शन झाल्याबरोबर पोरं पाण्यात शिरतात आणि कधी कधी परत येत नाहीत. आम्ही गावकऱ्यांनी ओरडून सांगितलं तर "तुमचा काय संबंध?" असं ऐकून घ्यावं लागतं. पण त्यांच्याच तालुक्यातला, त्यांच्याच बोलीत बोलणारा, कालच दर्शन घेतलेला माणूस वाळूवर उभा राहून म्हणाला, "भावा, इथं उतरू नको," तर ते ऐकतील. ग्रान्योनमध्ये मी रोज हेच पाहते. यात्रेकरू यात्रेकरूचं ऐकतो.

हे आपल्या परंपरेत नाही असं कुणी म्हणू नये. पंढरपुरात गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. नर्मदा परिक्रमा करून आल्यावर भारती ठाकूर पुन्हा नर्मदाकाठीच गेल्या आणि तिथल्या मुलांसाठी त्यांनी नर्मदालय उभं केलं. इथेही शेजारच्या सांतो दोमिंगो दे ला काल्सादा गावाला ज्याचं नाव आहे, त्या अकराव्या शतकातल्या संताला मठात प्रवेश मिळाला नाही. मग त्याने यात्रेकरूंसाठी रस्ता, पूल आणि धर्मशाळा बांधण्यात आयुष्य घातलं. फरक एवढाच की इथल्या लोकांनी संताचं काम सामान्य माणसाला पंधरा दिवसांत मावेल असं करून दिलं. आपण अजून संताची वाट बघतो.

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रत्येक दिंडीतल्या, वारी पूर्ण केलेल्या काही माणसांनी पुढच्या वर्षी चालण्याऐवजी एक मुक्काम सांभाळावा. लोणंद घ्या, नातेपुते घ्या. पालखी यायच्या आधी तिथे जावं, बायकांसाठी आडोसा आणि दिवा आहे ना ते बघावं, कोमट पाण्याची घमेली ठेवावीत, ओले कपडे वाळायला दोऱ्या बांधाव्यात, आणि पालखी पुढे गेल्यावर तळ झाडूनच घरी जावं. गावकऱ्यांचं अन्नदान तसंच चालू राहू दे, ते अमोल आहे. त्याला चाललेल्या माणसाची नजर मिळाली की झालं.

2027 हे कामिनोचं पवित्र वर्ष आहे, 25 जुलै रविवारी येतो तेव्हा ते येतं. गर्दी उसळेल आणि ओस्पितालेरो कमी पडतील. वाटेवर आता अधूनमधून मराठी कानावर येतं. जे चालून गेले त्यांनी परत जरूर यावं, गादी कशी झाडायची ते मी दाखवीन. पण जे पुळ्याला येतात त्यांना तर विमानही लागत नाही. पुढच्या अंगारकीला दर्शन झालं की लगेच गाडी काढू नका. एक दिवस थांबा. निम्म्यांनी खराटा घेऊन प्रदक्षिणेच्या वाटेला लागा, निम्म्यांनी वाळूवर उभं राहा आणि आपल्या गावच्या पोरांना पाण्यातून बाहेर काढा. राहायची सोय आमचं गाव करील, तो शब्द मी गावाच्या वतीने देते.