लाकडी जमीन घालण्यापूर्वी

पावसाळा लागला की घरातले एखादे दार चौकटीला घासू लागते आणि चैत्र-वैशाखात तेच दार पुन्हा सैल होते, हा अनुभव आपणां सर्वांना आहे. सुतार येतो, कडेवर रंधा मारतो, काम भागते. पण अशाच फळ्या शेजारी-शेजारी घट्ट बसवून आपण सबंध जमीन केली, तर मग रंधा कोठे मारणार? म्हणून लाकडी जमिनीचे बरेवाईट सुतार येण्यापूर्वीच, जागेच्या तयारीत ठरते.

जुन्या वाड्यांतील माडीची तक्तपोशी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण तिच्याखाली खोली होती, खेळता वारा होता. शाळेची व्यायामशाळा किंवा रंगमंच तळमजल्यावर असतो. तेथे फळीखाली कोबा आणि कोब्याखाली माती. मातीतला ओलावा वर चढतो आणि त्याची वाट फळीपाशी येऊन संपते.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागात लोकवर्गणीतून एक व्यायामशाळा बांधली गेली. समितीत मीही होतो. कोब्याला महिना झाला होता, उद्घाटनाची तारीख ठरली होती. “वाळलाय की आता!” असे गवंडी म्हणाला आणि आम्ही माना डोलावल्या. वैशाखात फळ्या बसल्या, श्रावणात जमीन मधोमध म्हशीच्या पाठीसारखी वर आली. सागवान चांगले होते, सुतार कसबी होता. चूक आमच्या घाईची होती, आणि पैसे मात्र ज्यांनी पाच-पाच, दहा-दहा रुपये दिले होते त्यांचे गेले.

असे का झाले? लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. ओलावा घेतला की ते लांबीत जवळजवळ वाढत नाही, पण रुंदीत वाढते. शंभर मिलिमीटर रुंदीची फळी केवळ अर्धा मिलिमीटर फुगली असे धरा. चार मीटर रुंद खोलीत अशा चाळीस फळ्या बसतात. म्हणजे एकूण वाढ वीस मिलिमीटर! भिंत हटत नाही, तेव्हा फळ्या वर उचलतात. म्हणून चारी भिंतींलगत सुमारे 12 मिलिमीटर मोकळी फट ठेवावी. ती भिंतीच्या पट्टीखाली झाकली जाते. पट्टी मात्र भिंतीला ठोकावी, जमिनीला नव्हे. हॉल मोठा असेल तर फटीचा हिशेब त्या मानाने वाढवून घ्यावा.

आता जागेकडे वळू. पहिली गोष्ट बाहेरच्या पाण्याची. पागोळ्यांचे पाणी जोत्याशी साचते काय, अंगणाचा उतार इमारतीकडे आहे काय, हे भर पावसात उभे राहून पाहावे. भिंतीच्या पायथ्याशी पोपडे सुटत असतील किंवा पांढरा क्षार फुलत असेल, तर ओल चढते आहे असे समजावे. ती थांबेपर्यंत लाकडाची गोष्ट काढू नये.

दुसरी गोष्ट वाळवीची. जोत्याच्या भरावात लाकडाचे तुकडे, ढलप्या, मुळे राहू देऊ नयेत. वाळवीला ते आमंत्रणच. भिंतीवर मातीच्या नळ्या दिसतात काय ते पाहावे. जमिनीवर औषधाची प्रक्रिया बांधकामाच्या वेळीच, जाणकार माणसाकडून करून घ्यावी आणि तेव्हा मुलांना तेथे फिरकू देऊ नये.

तिसरी आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे कोबा. काँक्रीटला अठ्ठावीस दिवसांत बळ येते, हे खरे. पण बळ येणे वेगळे आणि वाळणे वेगळे. पाणी मारणे बंद केल्यावर जाडीच्या दर इंचाला सुमारे एक महिना, असा ठोकताळा आहे. चार इंची कोब्याला चार महिने, दमट हवेत त्याहून अधिक. वरचा थर कोरडा दिसला तरी पोटात पाणी असते.

याची परीक्षा घरच्या घरी करता येते. हात-दीड हात लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद कोब्यावर पसरून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक दिवस-रात्र ठेवावा. खाली थेंब जमले किंवा कोबा काळपट दिसला, तर अजून थांबायचे. ही परीक्षा मध्ये आणि कोपऱ्यांत, विशेषतः बाहेरच्या भिंतीजवळ, घ्यावी. थेंब न दिसणे ही पुरी हमी नव्हे. म्हणून शक्य तेथे ओलावा मोजण्याचे यंत्र असलेला माणूस बोलवावा. कोबा वाळल्यावरही फळ्यांखाली जाड प्लॅस्टिकचा थर अंथरावा, जोडावर तो वीतभर एकावर एक घ्यावा आणि भिंतीलगत थोडा वर वळवावा.

चौथी गोष्ट पातळीची. दोन मीटर लांबीची सरळ पट्टी कोब्यावर सर्व दिशांनी फिरवावी. खाली तीन मिलिमीटरहून अधिक फट दिसली, तर उंचवटा घासावा, खळगा भरावा आणि भरलेला भाग पुन्हा वाळू द्यावा. खळग्यावर बसलेली फळी पायाखाली कुरकुरते.

पाचवी गोष्ट कामाच्या क्रमाची. गिलावा, रंग, नळ, दारे-खिडक्या सर्व आटोपल्यावरच लाकूड आत आणावे. ओल्या गिलाव्याचे पाणी हवेत येते आणि हवेतून फळीत शिरते. फळ्या त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या घालून, वारा लागेल अशा रचून आठ-पंधरा दिवस ठेवाव्यात. फळ्या बसवायला दिवाळीनंतरचे दिवस बरे. तेव्हा हवा फार दमटही नसते, फार कोरडीही नसते.

शिक्षक बंधू-भगिनींनी वर्गात एक प्रयोग करावा. एकाच फळीतून दोन पट्ट्या कापाव्यात, एक रेषांच्या दिशेने, दुसरी रेषांना आडवी. दोन्हींची लांबी मोजून रात्रभर पाण्यात ठेवावी आणि सकाळी पुन्हा मोजावी. कोणती वाढली, हे मुले स्वतःच सांगतील.

आमच्या व्यायामशाळेची जमीन पुढे उखडून पुन्हा घातली. त्या खेपेस कोबा पूर्ण वाळेपर्यंत आम्ही थांबलो आणि उद्घाटनाची तारीख त्यानंतरच ठरवली. तुमच्या गावी असे काम निघाले, तर तारीख आधी ठरवू नका.