सुसंगतता स्तर, संगणकीय

सुसंगतता स्तर, संगणकीय : एका परिचालन प्रणालीसाठी रचलेली आज्ञावली मूळ स्वरूपातच दुसऱ्या प्रणालीवर चालविता यावी, यासाठी दोहोंमध्ये योजलेली मध्यस्थ आज्ञावली. संगणकावरील बहुसंख्य खेळ मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीसाठी रचलेले असतात. उदा., पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा राजी : ॲन एन्शंट एपिक हा खेळ ऑक्टोबर २०२० मध्ये विंडोजसाठी प्रसिद्ध झाला. लिनक्स ही मुक्त प्रणाली वापरणाऱ्यांना असे खेळ खेळण्यासाठी सुसंगतता स्तराचा आधार घ्यावा लागतो.

कार्यपद्धती : दोन्ही प्रणाली बहुधा एकाच जातीच्या प्रक्रियकावर चालतात. त्यामुळे खेळातील आकडेमोडीच्या आज्ञा प्रक्रियक थेट पार पाडतो. त्यांचे रूपांतर करावे लागत नाही. फाइल उघडणे, ध्वनी निर्माण करणे, चित्र रेखाटणे इ. कामांसाठी मात्र खेळ विंडोजकडे मागणी करतो. ही मागणी सुसंगतता स्तर स्वतःकडे घेतो व लिनक्सला समजेल अशा रूपात पुढे पाठवितो. ‘सी’ ड्राइव्हच्या जागी तो लिनक्समधील एक साधी निर्देशिका दाखवितो. त्रिमितीय चित्रणासाठी खेळ डायरेक्ट३डीच्या आज्ञा देतो. डीएक्सव्हीके हा घटक त्यांचे व्हल्कन या पद्धतीत रूपांतर करतो. संपूर्ण यंत्राची नक्कल करणाऱ्या अनुकारकापेक्षा ही पद्धत म्हणूनच वेगवान ठरते.

विकास : वाइन हा या प्रकारातील प्रमुख प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला. १९९४ पासून आलेक्सांद्र ज्युलियार हे त्याचे नेतृत्व करीत आहेत. त्याची १.० ही आवृत्ती जून २००८ मध्ये निघाली. वाइनच्या आधारे व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने कोडवीव्हर्सच्या सहकार्याने प्रोटॉन तयार केले व ऑगस्ट २०१८ मध्ये ते स्टीम या आपल्या वितरण सेवेत समाविष्ट केले. २०२२ मध्ये विक्रीस आलेला स्टीम डेक हा हातात धरावयाचा संगणकही प्रोटॉनवरच अवलंबून आहे.

मर्यादा : स्पर्धात्मक खेळांतील काही फसवणूकरोधक आज्ञावली विंडोजच्या गाभ्यात शिरून काम करतात. सुसंगतता स्तर गाभ्याबाहेर चालत असल्याने व्हॅलोरंटसारखे खेळ लिनक्सवर चालत नाहीत. इतर काही फसवणूकरोधक आज्ञावली प्रोटॉनवर चालू शकतात. परंतु निर्मात्याने तशी अनुमती द्यावी लागते.

उपयुक्तता : विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या यांत्रिक अटी अनेक जुने संगणक पूर्ण करीत नाहीत. अशा संगणकांवर लिनक्स घालून विकत घेतलेले खेळ वापरात ठेवणे या स्तरामुळे शक्य होते. मात्र चित्रण घटक व्हल्कनला पूरक नसल्यास ओपनजीएलचा तुलनेने मंद मार्ग उरतो व त्यावर नवे खेळ सहसा चालत नाहीत. त्यामुळे जुन्या संगणकाची उपयुक्तता प्रक्रियकाइतकीच त्याच्या चित्रण घटकावरही अवलंबून असते.