भुईभाड्याच्या मागे लागलेला खासदार

वर्षाला २९५ पौंड. आठवड्याचा हिशेब केला तर सहा पौंडही नाहीत. नवे घर घेण्याच्या आनंदात असलेले कुटुंब एवढ्या रकमेवर अडून बसत नाही. पण इंग्लंडमध्ये काही बिल्डरांनी अशा करारांत पुढे एक कलम घातले होते: ही रक्कम दर दहा वर्षांनी दुप्पट होईल. दहा वर्षांनी ५९०, वीस वर्षांनी १,१८०, आणि पन्नास वर्षांनी ९,४४० पौंड. तेही स्वतःच विकत घेतलेल्या घरासाठी आणि कोणत्याही सेवेच्या मोबदल्याशिवाय. ही गणिते बँकांच्या लक्षात आली तेव्हा त्यांनी अशा घरांवर कर्ज द्यायला नकार दिला, आणि मालकांच्या हाती न विकली जाणारी घरे उरली.

या रकमेला तिथे ग्राउंड रेंट म्हणतात, आपल्याकडच्या जुन्या कागदांतले भुईभाडे. इंग्लंड आणि वेल्समध्ये फ्लॅट विकत घेणारा माणूस बहुधा भिंतींचाही मालक नसतो आणि जमिनीचाही. त्याला मिळतो ९९, १२५ किंवा ९९९ वर्षांचा भाडेपट्टा, म्हणजे लीजहोल्ड. जमीन आणि इमारत फ्रीहोल्डरची. देखभालीसाठी मॅनेजिंग एजंट तोच नेमतो, बिल मात्र पट्टेदार भरतो. पट्ट्याची वर्षे सरत जातात तशी घराची किंमत उन्हात ठेवलेल्या बर्फाच्या लादीसारखी घटते. साडेतीनशे पौंडांहून अधिक थकबाकी झाली तर फ्रीहोल्डर न्यायालयात जाऊन पट्टा जप्त करण्याची मागणी करू शकतो. न्यायालये सहसा शेवटपर्यंत जात नाहीत, पण धमकीपुरते हे कलम पुरते. लाखो पौंडांचे घर आणि साडेतीनशेची थकबाकी! हा कायदा अजून पुस्तकात आहे.

या सगळ्यावर संसदेत वर्षानुवर्षे बोलत राहिलेला माणूस डाव्या पक्षाचा असेल असे वाटणे साहजिक आहे. पण सर पीटर बॉटम्ली हे काँझर्वेटिव्ह, म्हणजे परंपरेने जमीनदारांच्या पक्षाचे. १९७५ मध्ये ते पोटनिवडणुकीतून पहिल्यांदा निवडून आले. थॅचर यांच्या काळात वाहतूक खात्यात आणि नंतर उत्तर आयर्लंडच्या कारभारात कनिष्ठ मंत्री झाले. १९९० नंतर त्यांच्याकडे मंत्रिपद नव्हते. १९९७ पासून त्यांचा मतदारसंघ होता वर्दिंग वेस्ट. दक्षिण किनाऱ्यावरच्या या गावात निवृत्त माणसे मोठ्या संख्येने राहतात, आणि वृद्धांसाठी बांधलेल्या तिथल्या इमारतींतले फ्लॅट लीजहोल्डवर विकलेले. सर्व्हिस चार्जची न उलगडणारी बिले घेऊन येणाऱ्या अशा मतदारांमुळे बॉटम्ली या विषयात शिरले. आपलाही एक फ्लॅट लीजहोल्डवर आहे, हे ते सभागृहात बोलायला उभे राहिले की आधी सांगून टाकत.

मंत्रिपद नसलेल्या खासदाराच्या हातात असते तरी काय? लेखी प्रश्न, चर्चेची मागणी, दुरुस्त्या आणि सर्वपक्षीय गट. बॉटम्लींनी या चारही गोष्टी वापरल्या. लंडनच्या पूर्व भागातले मजूर पक्षाचे खासदार जिम फिट्झपॅट्रिक, राजकारणात येण्यापूर्वी अग्निशमन दलात काम केलेले, त्यांचे जोडीदार झाले. दोघांनी मिळून लीजहोल्ड सुधारणेचा सर्वपक्षीय गट चालवला. त्याचे कागदपत्रांचे आणि माहितीचे काम लीजहोल्ड नॉलेज पार्टनरशिप ही छोटी धर्मादाय संस्था पाहत असे. पुढे या गटात शंभराहून अधिक खासदार आले. फिट्झपॅट्रिक २०१९ मध्ये निवृत्त झाल्यावर मजूर पक्षाचे जस्टिन मॅडर्स सहअध्यक्षांत दिसू लागले.

पहिली लढाई होती ती चक्क मोजदादीची. देशात लीजहोल्ड घरे किती, हे सरकारलाच नीट ठाऊक नव्हते. २०१४ मध्ये अधिकाऱ्यांनी नव्याने हिशेब मांडला आणि एकट्या इंग्लंडचा आकडा चाळीस लाखांच्या वर गेला, आधी धरलेल्या आकड्यापेक्षा बराच जास्त. आज तो पन्नास लाखांच्या घरात सांगतात. किरकोळ वाटणारी ही दुरुस्ती महत्त्वाची होती. काही म्हाताऱ्यांची कुरकुर म्हणून जो विषय बाजूला सारता येत होता, त्याला आता प्रत्येक मतदारसंघात हजारो मतदार मिळाले.

सभागृहात खासदार जे बोलतो त्यावर बदनामीचा खटला भरता येत नाही. बॉटम्लींनी हे संरक्षण पुरेपूर वापरले. वकिलांच्या नोटिशींना घाबरून वर्तमानपत्रे ज्या कंपन्यांची आणि व्यक्तींची नावे छापायला कचरत, ती त्यांनी सभागृहात उच्चारली. एकदा ती अधिकृत नोंदीत गेली की वर्तमानपत्रांनाही छापायला मोकळीक. वक्ता म्हणून ते काही आग ओकणारे नव्हते. सौम्य आणि थोडे विषयांतर करणारे, पण एकाच मुद्द्यावर पुन्हापुन्हा परतणारे. संसदीय कामात ही चिकाटी वक्तृत्वापेक्षा जास्त उपयोगी पडते, असे त्यांची भाषणे वाचून वाटते.

दुसरीकडे ठिणगी पडली ती वायव्य इंग्लंडमध्ये. फ्लॅट सामायिक इमारतीत असतो, तिथे पट्ट्याचे काही समर्थन तरी करता येते. पण वायव्य इंग्लंडमधले बिल्डर स्वतंत्र घरेसुद्धा, अंगण-परसासकट, लीजहोल्डवर विकत होते आणि जमिनीचा हक्क नंतर गुंतवणूक कंपन्यांना विकून टाकत होते. खरेदीदाराचा वकील पुष्कळदा बिल्डरनेच सुचवलेला असे. काही वर्षांनी जमीन विकत मागायला गेलेल्या माणसाला कळे की मालक बदलला आहे आणि किंमत कित्येक पटींनी वाढली आहे. २०१७ च्या सुरुवातीला एल्समिअर पोर्ट इथल्या एका परिचारिकेने अशा घरमालकांना एकत्र आणले आणि नॅशनल लीजहोल्ड कॅम्पेन उभी राहिली. मॅडर्स याच भागाचे खासदार.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मॅडर्स यांनी लीजहोल्ड सुधारणेचे विधेयक मांडले. जमीन विकत घेण्याच्या किमतीला मर्यादा, लवादातल्या वकिली खर्चाला लगाम, फसवून विकलेल्या पट्ट्यांबद्दल भरपाई, अशी त्याची कलमे होती. हे दहा मिनिटांच्या नियमातले विधेयक. या नियमात खासदाराला भर सभागृहात दहा मिनिटे बोलता येते, विधेयक दाखल होते आणि मग सरकारने वेळ न दिल्यामुळे ते यथावकाश मरते. हेही मेले. पण दाखल विधेयक म्हणजे मंत्र्यांपुढे ठेवलेला मसुदा असतो. पुढच्या प्रत्येक चर्चेत ‘हे करता येणार नाही’ म्हणण्याची सोय त्याने काढून घेतली.

२०१७ मध्येच टेलर विम्पी या बड्या बिल्डर कंपनीने दुपटीची कलमे बदलून देण्यासाठी १३ कोटी पौंड बाजूला काढून ठेवले. डिसेंबरात सरकारने नवी घरे लीजहोल्डवर विकण्यास बंदी घालण्याचा इरादा जाहीर केला. इरादा आणि कायदा यांत मात्र जवळपास साडेसहा वर्षे गेली.

तोवर ग्रेनफेल झाले होते. १४ जून २०१७ ला पश्चिम लंडनमधल्या या मनोऱ्याला आग लागली आणि ७२ माणसे गेली. देशभरच्या इमारतींवरचे ज्वालाग्राही आवरण तपासले गेले, आणि ते काढण्याची बिले गेली पट्टेदारांकडे. इमारतीतल्या एका विटेवरही ज्यांची मालकी नाही, त्यांनीच ती दुरुस्त करायची! या बिलांविरुद्धच्या दुरुस्त्यांवर स्टीफन मॅकपार्टलंड आणि रॉयस्टन स्मिथ या काँझर्वेटिव्ह खासदारांनी स्वतःच्याच सरकारशी झुंज घेतली, आणि बॉटम्लीही पट्टेदारांच्या बाजूने बोलत राहिले. २०२१ मध्ये या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. पुढच्या वर्षीच्या इमारत सुरक्षा कायद्याने पट्टेदारांना बरेच, पण सगळ्यांना नव्हे, संरक्षण दिले.

भुईभाड्याचा पहिला ठोस कायदा २०२२ चा. ३० जून २०२२ पासूनच्या नव्या दीर्घ पट्ट्यांवर भुईभाडे एक मिरीचा दाणा, म्हणजे व्यवहारात शून्य. वृद्धांच्या इमारतींना हा नियम एप्रिल २०२३ पासून लागला. जुन्या पट्ट्यांना मात्र त्याने हात लावला नाही, आणि खरे भांडण तर तिथेच होते.

फ्रीहोल्डरांची बाजू अगदीच पोकळ नाही. भुईभाडे म्हणजे दीर्घ मुदतीचे खात्रीचे उत्पन्न, म्हणून निवृत्तिवेतन निधींनी त्यात पैसे घातले आहेत. झालेला करार संसदेने नंतर मोडला तर गुंतवणूकदाराने कशावर विश्वास ठेवायचा, हा त्यांचा सवाल. तो नवा नाही. १८८० च्या दशकात हेन्री ब्रॉडहर्स्ट या पाथरवटाचे काम केलेल्या खासदाराने पट्टेदारांना जमीन विकत घेण्याचा हक्क देणारे विधेयक आणले, तेव्हाही मालमत्तेवर घाला म्हणून ओरड झालीच. घरांच्या पट्टेदारांना तो हक्क मिळायला १९६७ उजाडले. त्याविरुद्ध ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या इस्टेटीचे विश्वस्त स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि १९८६ मध्ये हरले. १९९३ मध्ये फ्लॅटधारकांनाही हक्क मिळाला, तेव्हा त्या वेळच्या ड्यूकने रागाने काँझर्वेटिव्ह पक्षच सोडला.

मुंबईच्या वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. कलेक्टरची जमीन, पोर्ट ट्रस्टचा पट्टा, सिडकोची साठ वर्षे, हे सगळे त्याच इंग्रजी घराण्यातले. फरक एवढा, की आपल्याकडे इमारत चालवते ती सोसायटी. गावदेवीत सारस्वतांनी १९१५ मध्ये गृहनिर्माण संस्था काढली, आणि १९६३ च्या मोफा कायद्याने जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करून देणे बिल्डरवर बंधनकारक केले. कन्व्हेयन्ससाठी किती खेटे घालावे लागतात ते वेगळे. इंग्लंडने सोसायटीशी नाते सांगणारी कॉमनहोल्ड पद्धत आणली ती २००२ च्या कायद्याने, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत तिच्याखाली वीससुद्धा प्रकल्प झाले नाहीत. बिल्डरला भुईभाड्याचे उत्पन्न सोडण्यात काय रस?

नोव्हेंबर २०२३ मध्ये मंत्री मायकेल गोव्ह यांनी मोठे विधेयक आणले. नव्या घरांवरच्या लीजहोल्डची बंदी हा त्याचा गाजावाजा, पण विधेयक छापून आले तेव्हा ते कलमच त्यात नव्हते. ते नंतर घालावे लागले. जुन्या भुईभाड्यावर काय करायचे याचे पाच पर्याय लोकांपुढे ठेवले होते, त्यांपैकी एकही शेवटी कायद्यात आला नाही. २२ मे २०२४ ला निवडणूक जाहीर झाली, आणि संसद उठता उठता, २४ मे रोजी, विधेयकावर मोहोर उमटली. पट्टा ९९० वर्षे वाढवून घेण्याचा हक्क त्यात आहे. ऐंशी वर्षांखाली गेलेला पट्टा वाढवताना घराची जी वाढीव किंमत फ्रीहोल्डरशी निम्मी वाटून घ्यावी लागे, तीही रद्द झाली. निदान कागदावर.

सहा आठवड्यांनी बॉटम्ली वर्दिंग वेस्टमध्ये हरले. ४९ वर्षांची सलग खासदारकी होती, शेवटची साडेचार वर्षे ते सभागृहाचे ज्येष्ठतम सदस्य होते.

नव्या मजूर सरकारचे गृहनिर्माण मंत्री मॅथ्यू पेनीकुक यांनी मार्च २०२५ मध्ये कॉमनहोल्डची श्वेतपत्रिका काढली. ऑक्टोबरात फ्रीहोल्डरांचा २०२४ च्या कायद्याला दिलेला आव्हान-अर्ज उच्च न्यायालयाने फेटाळला. जानेवारी २०२६ मध्ये नव्या विधेयकाचा मसुदा आला: जुन्या पट्ट्यांचे भुईभाडे वर्षाला २५० पौंडांपर्यंत मर्यादित, चाळीस वर्षांनी शून्य, नवे फ्लॅट कॉमनहोल्डवरच, आणि साडेतीनशे पौंडांसाठी घर जप्त करण्याचे कलम रद्द. सर्वपक्षीय गट ज्या गोष्टी मागत आला, त्यांतल्या बऱ्याच या मसुद्यात सरकारी शिक्क्यासह आहेत.

पण तो मसुदा आहे. २०२४ च्या कायद्यातल्या ९९० वर्षांच्या आणि नव्या मूल्यांकनाच्या तरतुदी हा मसुदा आला तेव्हाही अमलात यायच्या होत्या, कारण किंमत काढण्याचे दर सरकारने ठरवलेले नव्हते. ज्याच्या पट्ट्याची ८१ वर्षे उरली होती, त्याच्यापुढे दोन वाटा होत्या: जुन्या नियमाने आत्ताच पैसे भरून मुदत वाढवून घ्यायची, किंवा नवे नियम येतील या भरवशावर ऐंशीची रेषा ओलांडायची. रेषा ओलांडली आणि नियम लांबले, तर निम्मी वाढीव किंमत फ्रीहोल्डरच्या खिशात.