राइडिंग मोअर: ड्राइव्ह बेल्ट आणि पार्किंग ब्रेकमधील दोष शोधणे

प्रस्तावना

गवत कापण्याच्या, वर बसून चालवायच्या यंत्राला राइडिंग मोअर म्हणतात. समजा, त्याचे इंजिन नीट चालते, पण यंत्र पुढे सरकत नाही. अशा वेळी नवा बेल्ट घालण्याकडे कल असतो. मूळ दोष न सुटलेल्या ब्रेकमध्ये असेल तर नवा बेल्टही जळतो. म्हणून या पाठात दोन्ही दोष वेगळे कसे ओळखायचे ते पाहू.

रचना: एक पेडल, दोन कामे

पुढे इंजिन असलेला, साध्या गिअरचा मोअर उदाहरणादाखल घेऊ. इंजिनच्या पुलीवरून व्ही-बेल्ट मागील ट्रान्सॲक्सलच्या पुलीकडे जातो. मधली आयडलर पुली स्प्रिंगच्या जोरावर बेल्ट ताणून धरते. पेडल दाबले की आयडलर सरकतो आणि बेल्ट सैल पडतो. हा झाला क्लच. पेडल आणखी दाबले की त्याला जोडलेली दांडी ट्रान्सॲक्सलवरील डिस्क ब्रेक आवळते. पेडल याच स्थितीत अडकवून ठेवणे म्हणजे पार्किंग ब्रेक.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. मोटार गिअरमध्ये ठेवली की इंजिन तिला उतारावर धरून ठेवते. येथे तसे होत नाही. पार्किंग ब्रेक लावताच बेल्ट सैल पडतो, म्हणून सारा भार एकट्या ब्रेकवर येतो.

बेल्ट का घसरतो?

घट्ट आणि सैल बाजूंच्या ताणांचे गुणोत्तर घ्या. घसरण सुरू होण्याच्या क्षणी, केंद्रोत्सारी परिणाम सोडल्यास:

गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिथम = (घर्षण गुणांक × वेढकोन) ÷ साइन (खाचेचा अर्धकोन)

घर्षण गुणांक ०.३, वेढकोन १८०° म्हणजे ३.१४ रेडियन आणि खाच ३८° धरू. उजवी बाजू ०.९४२ ÷ ०.३२६ = २.८९ येते, म्हणून गुणोत्तर सुमारे १८. आता बेल्ट झिजून खाचेच्या तळाला टेकला असे समजा. पाचरीचा फायदा गेला आणि तो सपाट पट्ट्यासारखा वागू लागला. गुणोत्तर उरते केवळ २.६. बेल्ट तुटलेला नसूनही यंत्र का ओढत नाही, याचे हे उत्तर आहे.

तपासणीचा क्रम

यंत्र सपाट जागी उभे करा. इंजिन बंद करून किल्ली काढा, स्पार्क प्लगची वायर सोडवा. ढकलण्याच्या चाचण्या सोडून इतर वेळी चाकांना ठोकळे लावा. गरम भाग थंड होऊ द्या.

१. ब्रेक सोडा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि यंत्र हाताने ढकला. हायड्रोस्टॅटिक यंत्रात आधी बायपास लीव्हर मुक्त स्थितीत न्या. यंत्र अडत असेल तर ब्रेक घासतो आहे. गंजलेली दांडी, तुटलेली परतीची स्प्रिंग किंवा जास्त आवळलेला नट पाहा.

२. आता पार्किंग ब्रेक लावून ढकला. मागची चाके फिरता कामा नयेत. जोर लावल्यास ती घसटत जावीत. फिरली तर पॅड झिजले आहेत किंवा ब्रेक ढिला आहे. नट उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या फटीनुसारच आवळा.

३. बेल्टवरच्या खुणा वाचा:
- दोन्ही कडा चकचकीत: बेल्ट घसरत होता.
- एकाच जागी जळका डाग: बेल्ट थांबला आणि इंजिनची पुली फिरत राहिली. ब्रेक अडकला होता का, ते पाहा.
- एकच कड झिजलेली: पुली एका रेषेत नाहीत.
- तेलाचा थर: आधी गळती शोधा.

४. आयडलर हाताने फिरवा. खरखर आली तर बेअरिंग गेले. त्याचा आर्म मोकळा हलतो का आणि स्प्रिंग ताणून सैल झाली आहे का, तेही पाहा.

५. बेल्ट कीपर तपासा. ते वाकले असतील तर पेडल दाबूनही बेल्ट पुलीला चिकटून राहतो आणि यंत्र हळूहळू सरकते.

हे सारे ठीक असेल तरच ट्रान्सॲक्सलकडे वळा. हायड्रोस्टॅटिक यंत्रात त्याआधी बायपास लीव्हर चुकून मुक्त स्थितीत राहिलेला नाही ना, ते बघा.

सोडवलेले उदाहरण

२०० किलोचे यंत्र आणि ८० किलोचा चालक १५° उतारावर उभे आहेत. ब्रेकला किती बल पेलावे लागेल?

२८० × ९.८१ × साइन १५° = सुमारे ७११ न्यूटन.

चालक उतरला तरी सुमारे ५०८ न्यूटन उरतात. म्हणून दुसऱ्या चाचणीत नापास झालेले यंत्र उतारावर नेऊ नका.

सारांश

आधी ब्रेक, मग बेल्ट, शेवटी ट्रान्सॲक्सल. बेल्ट बदलल्यावर पहिल्या दोन चाचण्या पुन्हा करा.

स्वाध्याय

१. तेलामुळे घर्षण गुणांक ०.१ झाला, तर वरील खाचेसाठी ताणांचे गुणोत्तर काढा.
२. गिअरमध्ये ठेवूनही हा मोअर उतारावर का थांबत नाही?
३. नट गरजेपेक्षा जास्त आवळल्यास बेल्टवर कोणती खूण दिसू शकेल? कारण द्या.